ब्रशवालीचं पत्र कचऱ्यात जायचं नाही

बाईंनी त्रेचाळिसाव्या वर्षी अक्षर गिरवलं. त्याआधी त्या अंगठा उठवत. नवरा गेला, शेड आणि दोन पीळयंत्रं पदरात पडली, आणि पहिल्याच आठवड्यात एका तारवाल्यानं कसल्याशा कागदावर त्यांचा अंगठा घेतला. तो कागद कसला होता हे कळेपर्यंत वर्ष गेलं आणि तोवर व्हायचं ते होऊन बसलं होतं. त्यांनी पाटी आणली. दिवसा ब्रश वळायचे आणि काम संपलं की मागच्या खोलीत बसून गिरवायचं, असं पाच वर्षं चाललं. त्यांच्या अक्षराला कुणी मोत्याचे दाणे म्हटलं नाही, पण ते तारेच्या पिळासारखं झालं. एकसारखं, घट्ट, ओढलं तरी न सुटणारं.

त्यामुळे वीस वर्षांनी जेव्हा धंद्याच्या नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हा बाईंनी आपलं सगळ्यात भारी हत्यार काढलं. ते म्हणजे त्यांचं अक्षर. आणि तिथंच गाडी रुतली.

झालं असं. शेडमध्ये पिळाचे ब्रश होत. तार दुमडायची, मधे नायलॉनचे केस सारखे पसरायचे, यंत्राला लावून पीळ द्यायचा आणि वरून कातरायचं. बाटल्या धुवायला, नळ्या घासायला, यंत्रांच्या भोकांतला गाळ काढायला असले ब्रश लागतात. यांचा पाऊण माल बाटल्या भरणारा एकच कारखाना उचलायचा. त्या कारखान्यानं पाण्याच्या फवाऱ्यानं बाटल्या धुणारी नवी यंत्रं बसवली. ब्रशाचं काम संपलं. अकरा वर्षांचा घरोबा चार ओळींच्या पत्रात मिटला.

शेडमध्ये धाकट्या दिराचा निम्मा वाटा. तो मनानं वाईट नव्हता, पण बुडत्या बोटीत पाय ठेवणाऱ्यांतला नव्हता.

"वहिनी, गोदामवाला शेड मागतोय," तो म्हणाला. "यंत्रं मोडीत काढू. तुम्ही आता बसून खा."

"बसून खाल्लं की माणूस फुगतो, भावजी," बाई म्हणाल्या. "मला दोन महिने द्या."

"दोन महिन्यांत काय आभाळातून गिऱ्हाईक पडणार आहे?"

"पडलं तर?"

दीर हसला. "एक जरी नवं गिऱ्हाईक आणलंत, तरी मी शेडचं नाव काढणार नाही."

बाईंनी तिथल्या तिथं वही ओढली आणि लिहिलं: 'आजपासून दोन महिन्यांत एक जरी नवं गिऱ्हाईक आलं तर या शेडमध्ये ब्रशच होतील. नाही आलं तर यंत्रं विकू.' खाली सही केली आणि पेन दिराच्या हातात दिलं. त्यानं हसत हसत सही ठोकली. बाईंनी तो कागद दाराच्या मागं चिकटवला.

आता गिऱ्हाईक आणायचं कुठून? बाईंची सून बिलं आणि हिशेब संगणकावर बघायची. मुलगा दूर जहाजावर, त्यामुळे शेडमध्ये या दोघी आणि तार ओढणारे तारकाका. सून कामाला चोख, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "आई, आता कुणी दारोदार फिरत नाही. कारखान्यांना ईमेल करू."

एक जाहिरातवाला भेटला. त्याच्याकडे कारखान्यांच्या चार हजार पत्त्यांची तयार यादी होती. ती घेतली. बाईंनी दोन दिवस खपून दीड पानी पत्र लिहिलं. शेड कशी उभी राहिली, तार कुठली, केस कुठले, आणि प्रत्येक ब्रश बाहेर पडण्याआधी त्या स्वतः कसा ओढून बघतात, सगळं आलं. सून म्हणाली, "मी टाईप करते."

"टाईप कशाला? अक्षर बघू दे की त्यांना."

सुनेनं त्या पानांचा फोटो काढला, फोटो पत्रात डकवला आणि एका सकाळीच चार हजार ठिकाणी धाडून दिला. पत्राच्या पोटात टाईप केलेला शब्द म्हणून नाही. नुसतं चित्र.

चौथ्या दिवसापर्यंत अकराशे पत्रं परत आली. पत्ताच नाही, माणूसच नाही. बाई ती यादी बघायला बसल्या आणि एका नावावर त्यांचं बोट थांबलं.

"अगं, हा गिरणीवाला तर कधीच गेला. मी त्याच्या मयताला गेले होते."

"मग तुमचं पत्र वर पोचलं असेल," सून म्हणाली.

"वरून ऑर्डर आली तर तूच जा हो पोचवायला."

उरलेल्या एकोणतीसशे पत्रांचं काय झालं ते दिरानं सांगितलं. त्याच्या कचेरीचा पत्ताही त्या यादीत होता. तो मोबाईल नाचवत आला. "वहिनी, तुमचं पत्र माझ्याकडेसुद्धा स्पॅममध्ये पडलंय! सख्ख्या दिराकडे कचऱ्यात, तिथं परक्याचं काय घेऊन बसलात?"

त्याच आठवड्यात घाव वर्मी बसला. एका जुन्या, ओळखीच्या गिऱ्हाइकानं फोन केला, बिल का नाही पाठवलं म्हणून. सुनेनं पाठवलं होतं. तेही त्याच्या कचऱ्यात पडलं होतं. म्हणजे आता नवे दारात उभे करत नव्हते आणि जुने ओळख देत नव्हते.

जाहिरातवाल्याला बोलावलं. तो ऐटीत बसला, बूट हलवत म्हणाला, "काकू, होतं असं. तुमच्या ईमेलच्या पत्त्यात जे तुमचं नाव आहे ना, ते जळलं. टाकून द्या. नवं नाव घ्या, त्यावरून पाठवू. ते जळलं की तिसरं."

"आणि गिऱ्हाईक मला कुठल्या नावानं हाक मारणार?"

"ते नंतरचं. दुसरी युक्ती सांगतो. विषयाच्या ओळीत 'तुमच्या पत्राचं उत्तर' असं टाका. माणसाला वाटतं, आपणच आधी लिहिलं होतं. उघडतो बिचारा."

बाईंनी त्याच्या पुढ्यातला चहाचा कप उचलला. अजून निम्मा होता.

"मी अंगठा उठवत होते ना, तेव्हाही खोटा उठवला नाही. आता लिहिता येतं तर खोटं लिहू? ऊठ. नाव जळलं असेल तर मी ते घासून काढीन. ब्रशवाली आहे मी. टाकून देणार नाही."

तो गेल्यावर सून म्हणाली, "बोललात झकास. आता घासायचं कसं?"

"ते तू शोध. तुला वाचायला मी शिकवलेलं नाही, तू आधीच शिकून आलीस."

सुनेनं तीन दिवस शोधलं, चार ठिकाणी फोन केले आणि मग सासूला आणि तारकाकांना समोर बसवून सांगितलं. प्रत्येकाच्या ईमेलच्या पेटीच्या दारात एक राखणदार असतो. माणूस नाही, यंत्रच. येणारं पत्र कुणाचं ते तो बघतो. आपण ज्या कंपनीकडून नाव घेतलं, तिच्या नोंदीत तीन ओळी असाव्या लागतात. या नावानं पत्र पाठवायचा हक्क कुणाला, ही एक. पत्रावर आपला शिक्का कसा ओळखायचा, ही दुसरी. आणि शिक्का जुळला नाही तर पत्राचं काय करायचं, ही तिसरी. "आपल्या तिन्ही ओळी कोऱ्या आहेत, आई. पाच वर्षं."

"म्हणजे कुणीही यावं आणि ब्रशवाली म्हणून मिरवावं?"

"हो. त्यात आपण नवखे, कधी दिवसाला चार पत्रं न पाठवणारे, आणि एका सकाळी चार हजार. त्यातली अकराशे मेलेल्यांना. आणि आत शब्द नाही, नुसतं चित्र. राखणदाराला चित्र वाचता येतंच असं नाही. त्याला वाचता येऊ नये म्हणूनच लबाड लोक मजकूर चित्रात दडवतात."

तारकाकांनी घसा खाकरला.

"बाई, रागावू नका. आपल्याकडे नवा तारवाला आला की तुम्ही काय करता?"

"काय करते? नाव, गाव, बिलावरचा पत्ता बघते. एक भेंडोळं घेते. बरं निघालं तर पाच."

"आणि पहिल्याच दिवशी कुणी चार ट्रक दारात लावले तर?"

"हाकलून देईन."

"मग झालं," तारकाका म्हणाले आणि तपकीर शोधायला लागले.

बाईंना हसू आलं नाही. त्या दाराशी ठेवलेल्या पिंपाकडे बघत होत्या. शेडची जुनी रीत होती. प्रत्येक ब्रशाचा एक झुपका बाई चिमटीत धरून ओढत. केस सुटला की ब्रश पिंपात. पण दर शनिवारी ते पिंप त्या स्वतः उपडं करत आणि एकेक ब्रश पुन्हा बघत. दोन-तीन तरी चांगले निघतच. 'टाकणारा हात माझाच, म्हणून चुकतोही,' असं त्या म्हणत. राखणदाराचा त्यांना राग नव्हता. त्यानं जे केलं तेच त्यांनी केलं असतं. राग होता तो आपल्या अक्षराचा माज आपल्यालाच नडला याचा.

"अक्षर बाजूला ठेवू," त्या शेवटी म्हणाल्या. "पण शब्द माझेच. आणि टाईप मी करणार."

"तुम्ही? संध्याकाळ होईल एका ओळीला."

"होऊ दे. त्रेचाळिसाव्या वर्षी पाटी धरली, त्रेसष्टाव्या वर्षी हे खटके दाबायला काय मला भीती आहे?"

सुनेनं नोंदीतल्या तिन्ही ओळी भरून घेतल्या. विकतची यादी पुसून टाकली. मग बाईंनी जुनी डायरी काढली, आयुष्यभराच्या ओळखीतल्या तीस जणांना एकेक पत्र धाडलं आणि मागोमाग फोन लावले. तारवाले, केसवाले, यंत्र दुरुस्त करणारा, मालाचा टेम्पोवाला.

"तुझ्या ईमेलच्या कचऱ्यात बघ, माझं पत्र असेल. आहे? मग बाहेर काढ, 'हा कचरा नाही' असं त्याला सांग, आणि दोन शब्द उलट लिही. काय लिहू म्हणजे? तुला काय वाटेल ते लिही."

लोकांनी लिहिलंही. केसवाल्यानं लिहिलं, 'बाई, तुम्ही फोनवर ओरडता तशा इथं ओरडत नाही, बरं वाटलं.' यंत्रवाल्यानं त्याच्या सांधेदुखीची कहाणी लिहिली. बाई प्रत्येकाला उत्तर देत, एका बोटानं, जीभ दातांत धरून. सून म्हणायची, "शुद्धलेखन राहू द्या, पण स्पेस तरी द्या, शब्द एकमेकांच्या अंगावर पडतायत." दुसऱ्या आठवड्यात सुनेनं तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्यांवर स्वतःलाच पत्र धाडून बघितलं. दोन ठिकाणी दारातून आत, एका ठिकाणी कचऱ्यात. आणखी आठवड्यानं तिन्ही ठिकाणी आत.

मग परक्यांना पत्रं सुरू झाली. दिवसाला पाच, पुढं दहा, मग पंधरा. त्यापुढं बाई जाऊ देत नव्हत्या. प्रत्येक कारखान्याचा पत्ता सून त्याच्याच संकेतस्थळावरून किंवा फोन करून घ्यायची, आणि बाई आधी विचार करत. यांच्याकडे कुठली नळी तुंबत असेल? कुठल्या भोकात गाळ बसत असेल? तेवढंच लिहीत. चार-पाच ओळी, चित्र नाही, जोडपत्र नाही. शेवटची ओळ ठरलेली: 'पुन्हा लिहू नको म्हणालात तर लिहिणार नाही.'

"ही ओळ कशाला?" दिरानं एकदा विचारलं. "आपणच त्यांच्या हातात दगड देतोय."

"दार वाजवणाऱ्याला 'जा' म्हणता आलं पाहिजे, भावजी. नाहीतर लोक कुत्रं सोडतात."

चाळीस दिवस झाले. एकही उत्तर नाही. तारकाका यंत्राला उगाच तेल घालत. गोदामवाला रस्त्यावरूनच शेडची लांबी पावलांनी मोजून गेला, ते बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी सताड उघडी ठेवली. मोज म्हणावं.

एकेचाळिसाव्या दिवशी पहिलं उत्तर आलं. सुनेनं वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

"आई, नका ऐकू."

"वाच."

"'माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला? मला तुमच्या ब्रशांशी काही कर्तव्य नाही. पुन्हा तोंड दाखवू नका.'"

बाई उठून उभ्या राहिल्या. "तारकाका! अहो इकडे या! पोचलं!"

"काय पोचलं?"

"पत्र पोचलं! शिव्या दिल्या त्यानं! कचऱ्यात पडलेल्या पत्राला कुणी शिव्या देतं का? उघडलं, वाचलं, मग चिडला!"

सासूच्या डोक्यावर परिणाम झाला असं सुनेला घटकाभर वाटलं. मग तीही हसायला लागली. बाईंनी त्या माणसाला एका बोटानं उत्तर टाईप केलं: 'तसदी दिली, माफ करा. पुन्हा लिहिणार नाही.' आणि त्याचं नाव खरंच वहीतून खोडलं.

त्यानंतर नकार येत राहिले. सभ्य नकार, तुटक नकार. मग शेहेचाळिसाव्या दिवशी एका रंगाच्या कारखान्यातल्या देखभालवाल्यानं लिहिलं: 'आमची नळी वाकडी आहे. सरळ ब्रश अडकतो आणि तार मोडून आत राहते. तुमच्याकडे काही आहे का?'

बाईंनी त्याला एका प्रश्नाचे पाच प्रश्न विचारले. वाक किती, रंग कसला, धुवायला काय वापरता. मग दोन दिवस तारकाकांबरोबर बसून, बारीक तारांचा दुहेरी पीळ देऊन, वेतासारखा लवणारा दांडा केला. नमुन्याचे दोन ब्रश खोक्यात घातले. वर एक चिठ्ठी ठेवली, स्वतःच्या अक्षरात, तब्येतीत लिहिलेली. खोक्याच्या दारात काही तो राखणदार नव्हता.

त्यानंतर पुन्हा शांतता. अठ्ठेचाळीस, पन्नास, पंचावन्न.

साठाव्या दिवशी शनिवार होता. दीर गोदामवाल्याला घेऊन आला. गोदामवाल्याच्या हातात फितीचं भेंडोळं. तो बिचारा वाद नको असलेला माणूस, नमस्कार करून भिंतीला फीत लावायला लागला.

"वहिनी, मला आनंद होत नाहीये," दीर म्हणाला. आणि ते खरं असावं, कारण तो बाईंकडे न बघता यंत्राकडे बघत होता. "पण ठरलं ते ठरलं."

"ठरलंय तर दिवस मावळेपर्यंत ठरलंय," बाई म्हणाल्या. "आज पिंप उपडं करायचा वार आहे. ते करू द्या."

त्यांनी पिंप उपडं केलं. एकेक ब्रश उचलला, ओढला. गोदामवाला फीत धरून वाट बघत राहिला, कारण बाई बरोबर त्याच्या भिंतीच्या मधोमध बसल्या होत्या. तीन ब्रश चांगले निघाले. ते बाजूला ठेवून बाईंनी हात झटकले आणि एकदम सुनेकडे वळल्या.

"आपल्या ईमेलचं पिंप कधी उपडं केलंस?"

"आपलं?"

"आपल्याही दारात राखणदार असेल ना! तीस जणांना फोन करून सांगितलं, कचऱ्यात बघा, कचऱ्यात बघा. आणि आपण?"

सुनेनं जीभ चावली. संगणक उघडला. स्पॅमची पेटी उघडली. लॉटरी लागली म्हणणारे, टक्कल घालवणारे, परदेशातल्या कुठल्या राणीचं धन वाटून घ्या म्हणणारे. बाई पाठीमागं उभ्या राहून एकेक ओळ बोटानं वाचत होत्या, पिंपातले ब्रश बघावेत तशा. बाराव्या ओळीवर बोट थांबलं.

"हे कोण?"

रंगाच्या कारखान्याचा खरेदी विभाग. देखभालवाल्याचा पत्ता नव्हे, दुसराच, कधी न आलेला. आत दोन ओळी आणि जोडलेला एक कागद. 'नमुना उत्तम. चाळीस ब्रश हवेत.' पाठवल्याची तारीख पाच दिवसांपूर्वीची.

सुनेनं 'हा कचरा नाही' दाबलं. जरा जास्तच जोरात.

दिरानं वाकून वाचलं. मग सरळ होत म्हणाला, "चाळीस? वहिनी, बाटल्यांचा कारखाना महिन्याला चार हजार न्यायचा. चाळीस ब्रशांवर शेड चालते होय?"

बाईंनी दार ओढून अर्धवट लावलं, म्हणजे त्याच्या मागचा कागद सगळ्यांना दिसला.

"वाचा, भावजी. मोठ्यानं वाचा. माझं अक्षर स्वच्छ आहे."

दिरानं वाचलं. 'एक जरी नवं गिऱ्हाईक' इथं येऊन तो थांबला.

"आकडा लावायचा होता तर तेव्हा लावायचात," बाई म्हणाल्या. "चाळीसच आहेत, मला कळतंय. पहिलं भेंडोळं एकच असतं. शेड चालेल की नाही ते मी बघीन, आणि नाही चालली तर मी स्वतः तुमच्या दारात येऊन सांगीन. पण आज नाही. आज ही सही तुमची आहे."

गोदामवाल्यानं फीत गुंडाळायला घेतली. दिरानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे, आणि कपाळावर हात मारला. "मला वाटलं होतं, तुम्ही कागद नुसता शोभेला लावलाय."

"शोभेला मी काही लावत नाही. तारकाका, बारीक तार काढा. दुहेरी पीळ. चाळीस आणि दोन वर, ओढून बघण्यात दोन जातीलच."

यंत्र सुरू झालं. दिराला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण त्या आवाजात कुणाला ऐकू येणार? तो दाराशी घुटमळला, मग वाकून, पिंपाशेजारी बाईंनी बाजूला ठेवलेल्या तीन ब्रशांपैकी एक उचलला, चिमटीत झुपका धरला आणि ओढून बघितला.

केस सुटला नाही.